हरणाचे नाक

भिंतीवर टांगलेल्या जनावराला तक्रार करता येत नाही. त्याच्या अंगावर धूळ बसो, कानाला कसर लागो, की दाराच्या चौकटी रंगवून उरलेला काळा ऑइलपेंट कोणी त्याच्या नाकावर फासो, ते आपले काचेच्या डोळ्यांनी समोर पाहात राहते. यांपैकी शेवटच्या अन्यायाविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय ऐकूनच काही वाचक नाक मुरडतील. ज्या पानावर संगीत, नाटक आणि ग्रंथ यांची चर्चा व्हावयाची, तेथे पेंढा भरलेल्या हरणाचे नाक कोठून आले, असेही कोणी विचारील. पण ज्या शहरांनी संस्थानिकांचे वाडे, चित्रशाळा आणि संग्रहालये वारसा म्हणून स्वीकारली, त्यांनी त्या वाड्यांच्या भिंतींवरची मस्तकेही स्वीकारलीच आहेत. वारसा म्हटला म्हणजे त्यातला सोयीचा तेवढा भाग उचलून चालत नाही.

बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर, कोठेही जा. संस्थानी काळातल्या दिवाणखान्यात किंवा जिन्याच्या वळणावर चितळ, सांबर, काळवीट यांची मस्तके भेटल्यावाचून राहात नाहीत. अशाच एका वाड्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) अलीकडे एका सांबराचे मस्तक पाहिले. शिंगे ऐसपैस, मानेवरची आयाळ अजून दाट, डोळे तर इतके उत्तम बसविलेले की आपण बाजूला सरकलो तरी जनावर आपल्याकडेच पाहात आहे असे वाटावे. आणि नाक मात्र नव्या बुटाच्या टाचेसारखे काळे आणि चकचकीत! रंगाचा एक ओघळ वरच्या ओठाच्या केसांवर उतरून तेथेच वाळला होता. रखवालदाराला विचारले तेव्हा तो मोठ्या समाधानाने म्हणाला, "दिवाळीच्या आधी रंगकाम काढलं होतं, तेव्हा यांनाही एक हात मारून घेतला." त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. 'नाक काळे असते' एवढेच त्याला कोणी सांगितले होते, आणि त्याने ते काळे केले. दोष आहे तो नाक ही रंगवून मोकळे होण्याची वस्तू आहे असे मानणाऱ्या आपल्या सर्वांच्या समजुतीचा.

हरणाचे नाक काळे असते हे अर्धेच खरे. ज्याला खरे पाहावयाचे असेल त्याने प्रथम गोठ्यात जावे. कारण गाईचे नाक आणि सांबराचे नाक यांत जात एकच आहे. नाकपुड्यांच्या मधला आणि भोवतालचा भाग केसांवाचून उघडा असतो. त्या उघड्या कातडीवर बारीक बारीक उंचवटे असतात आणि उंचवट्यांच्या मधून बारीक चरे गेलेले असतात. उन्हाने तडकलेल्या तळ्याच्या तळासारखी, पण फार नाजूक अशी ती जाळी दिसते. गाईबैलांच्या बाबतीत ही जाळी माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी प्रत्येक जनावराची निराळी असते, आणि ओळख पटविण्यासाठी नाकाचा ठसा घेण्याची पद्धतही आहे. निरोगी जनावराच्या या उंचवट्यांवर सदैव ओल असते. बाजारात बैल घेताना जाणता शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, तसा नाकावरही नजर टाकतो. नाकावर दव असले तर जनावर धड. नाक सुकले असले तर अंगात ताप असावयाचा. हरणाला तर ही ओल म्हणजे जिवाचा आधार. वाऱ्यावर आलेला वाघाचा किंवा माणसाचा वास त्या ओलाव्यावर धरला जातो, म्हणून ते घडोघडी जिभेने नाक चाटत असते. तेव्हा हरणाचे नाक म्हणजे चेहऱ्यावरचे एक काळे बटण नव्हे. ते अखंड काम करणारे इंद्रिय आहे, आणि ते काम चालू असल्याची खूण त्याच्या पृष्ठावर उमटलेली असते.

पेंढा भरणाऱ्या कारागिराची खरी परीक्षा येथेच होते, असे मला वाटते. वाघाचे काम त्या मानाने सोपे म्हणावे लागेल. त्याचा जबडा उघडा ठेवला, सुळे दाखविले, जीभ लालभडक केली, म्हणजे पाहणारा दचकतो आणि दचकलेला माणूस बारकावे पाहात नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी यूजीन व्हॅन इंगेन यांनी म्हैसूरला सुरू केलेली आणि १९९९ मध्ये बंद पडलेली व्हॅन इंगेन पेढी सर्व देशभर गाजली ती मुख्यतः गुरगुरणाऱ्या वाघांमुळे. देशभरच्या राजेरजवाड्यांची जनावरे तेथे जात. हरणाला गुरगुरता येत नाही. त्याचे तोंड मिटलेले असते आणि दात दिसत नाहीत. चेहऱ्यावर बोलणाऱ्या गोष्टी तीनच: डोळा, कान आणि नाक. डोळा काचेचा, तो तयार विकत मिळतो. कानाचा कल शिकाऊ माणसालाही साधतो. उरले नाक, ते मात्र कोणत्याही दुकानात आयते मिळत नाही, प्रत्येक जनावराचे त्याच्याच कातडीतून पुन्हा उभे करावे लागते.

ते उभे करणे किती अवघड आहे याची कल्पना सामान्य माणसाला नसते. आपल्या भाषेत या विद्येला 'पेंढा भरणे' म्हणतात, आणि त्या शब्दानेच निम्मा घोटाळा केला आहे. उशीत कापूस कोंबावा तसा कातड्यात पेंढा कोंबला की जनावर तयार, अशी आपली कल्पना. वास्तविक चांगल्या कारागिरांनी हा प्रकार शंभर वर्षांपूर्वीच सोडला. अमेरिकेतील कार्ल एकली (१८६४–१९२६) याने जनावराचे शरीर आधी मातीत, स्नायू न् स्नायू पाहून, मूर्तिकारासारखे घडवावयाचे, त्यावरून हलका पोकळ साचा काढावयाचा आणि त्यावर कातडे चढवावयाचे, ही पद्धत सिद्ध केली. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये त्याने केलेले हरणांचे चार देखावे आहेत. एकाच जातीची हरणे चार ऋतूंत कशी दिसतात हे त्यांत दाखविले आहे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचे ते काम आजही लोक मुद्दाम जाऊन पाहतात. आपल्या म्हैसूरच्या पेढीतही कागदाच्या लगद्याचे साचे वापरीत. म्हणजे पेंढा कधीच गेला, शब्द तेवढा मागे राहिला.

तर हे नाक. कातडे सोलताना नाकपुडीच्या आतली त्वचा शक्य तितकी खोलवर जाऊन राखावी लागते. ती बाहेरच कापून टाकली तर पुढे नाकपुडीला आत वळायला काही उरत नाही आणि तिचे भोक होते. नाकाची कातडी जाड. ती आतून तासून पातळ केली नाही तर वाळताना इतकी आक्रसते की उंचवटे सपाट होतात आणि कडा ओढल्या जाऊन नाकपुडी जांभई दिल्यासारखी उघडते. साच्याच्या नाकावर ओली माती बसवून त्यावर ही कातडी दाबावयाची, नाकपुडीची आतली त्वचा आत वळवून खोचावयाची, आणि वाळेपर्यंत रोज पाहावयाचे. कोठे उचलली असेल तर पुन्हा बसवावयाची. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. हरणाची नाकपुडी वाटोळी नसते. ती स्वल्पविरामासारखी असते, वर रुंद आणि बाहेरच्या बाजूला शेपटीसारखी निमुळती होत गेलेली. हा स्वल्पविराम चुकला की सारा चेहरा चुकला. पुष्कळ मस्तकांत त्या जागी बोटाने पाडल्यासारखी दोन गोल भोके दिसतात, आणि मग शिंगे कितीही भव्य असोत, खाली तोंड डुकराचे होते.

इतके करूनही वाळल्यावर थोडी तरी झीज होतेच. कातडी आक्रसून जेथे फट पडते तेथे पूर्वी मेण किंवा लांबी भरीत. हल्ली दोन गोळे एकत्र मळून लावावयाची एपॉक्सी पुट्टी वापरतात. नळाची गळती बंद करण्यासाठी घरोघरी जे एम-सील असते ते याच जातीचे. ही पुट्टी मऊ आहे तोवर राठ केसांच्या ब्रशाने तिच्यावर हलके टोचे मारून नाकाची जाळी तिच्यावर पुढे चालवावयाची असते, म्हणजे मूळ कातडी कोठे संपली आणि भरण कोठे सुरू झाले ते कळू नये. नाकपुड्यांच्या मधला पडदा आणि आतली भिंतही याच पुट्टीने पुरी करतात. समोरून पाहणाऱ्याला यातले फारसे दिसत नाही हे खरे. पण आत सावली आहे की अंधार आहे हे डोळ्याला कळते. सावली असली तर आत जागा आहे, श्वास आहे असे वाटते. नुसता अंधार असला तर भोक आहे असे वाटते.

मग रंग. वाळलेल्या नाकाचा रंग उडून ते मळकट करडे होते, म्हणून रंग द्यावाच लागतो. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो काळ्या डब्याबद्दल. जिवंत नाक पाहा: बाहेरचा भाग काळपट, पण त्या काळ्यात तपकिरी आहे, राखाडी आहे. चऱ्यांत रंग गडद, उंचवट्यांच्या माथ्यावर किंचित फिका. नाकपुडीच्या कडेवरून आत जाताना काळे हळूहळू विरते आणि आत मांसल, गुलाबीकडे झुकणारी छटा येते. हे साधावयाचे म्हणजे पाण्यासारखे पातळ थर एकावर एक द्यावे लागतात, प्रत्येक थरातून खालचा थोडा दिसला पाहिजे. परदेशी कारागीर यासाठी रंगाची बारीक फवारणी करणारे एअरब्रश वापरतात. पण मऊ कुंचला आणि धीर असला तर हातानेही होते. जाड रंगाचा एकच हात दिला की चरे भरून जातात. आणि चरे भरले म्हणजे त्या जनावराची जी खास ओळख, तीच पुसली. माणसाच्या तळहातावरच्या रेषा गिलाव्याने बुजविण्यासारखेच ते आहे.

शेवटी ओल. येथे तर भलेभले घसरतात. नाक ओले दिसले पाहिजे म्हणून सगळ्या नाकावर व्हार्निश ओततात. ओले आणि चकचकीत यांतला भेद ज्याला कळत नाही त्याने हे काम करू नये. ओलावा सर्वत्र सारखा नसतो. तो नाकपुडीच्या खालच्या कडेला जास्त, आतल्या वळणावर जास्त, उंचवट्यांच्या माथ्यावर ठिपक्याठिपक्याने, आणि केस जेथे सुरू होतात तेथे मुळीच नाही. म्हणून आधी सारा पृष्ठभाग मंद ठेवून, मोजक्या जागी चकाकीचा स्पर्श द्यावयाचा. आपल्या लोकांना हे समजायला वास्तविक अडचण पडू नये. ज्या बडोद्याने रविवर्म्याची तैलचित्रे पाहिली, त्याला ओठावरचा प्रकाशाचा एक ठिपका चेहऱ्यात काय करतो हे वेगळे सांगावयास नको. गणपतीच्या कारखान्यात पाहा: मूर्तीचे अंग कोणीही रंगवील, पितांबर पोरे रंगवतील, पण डोळ्यांच्या आखणीला सर्वांत जाणता हातच बसतो. हरणाच्या मस्तकात तो मान नाकाचा असावयास हवा. आपण तो भिंतीच्या रंगाऱ्याला देऊन टाकला आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की मेलेल्या जनावराचे नाक ओले दाखविणे हेच मुळी ढोंग आहे. ते सुकलेले असले तर सुकलेले दिसू द्यावे. आक्षेप प्रामाणिक आहे, पण मग डोळ्यांचे काय? काचेचे डोळे बसविताना हा प्रामाणिकपणा कोठे जातो? एकदा जनावर जिवंत दिसावे असे ठरविले की नाकापाशी येऊन थांबता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. ही मस्तके म्हणजे शिकारीच्या शौकाची निशाणे. ज्या शौकाने आपली राने ओस पाडली त्याच्या खुणा सजवून ठेवण्याची हौस कशाला? त्यापेक्षा ती धूळ खात पडू द्यावीत. मला हे मान्य नाही. शिकाऱ्याची बढाई आणि जनावराचे कातडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बढाई पुसावयाची असेल तर खालची पितळी पाटी काढा, ज्यावर साहेबाचे नाव आणि शिंगांची लांबी असते. पण त्या हरणाने आपले कातडे काही हौसेने दिलेले नाही. ज्याचा जीव आपल्या लोकांनी घेतला त्याचा चेहरा तरी धड ठेवावा, ही अपेक्षा फार मोठी आहे काय?

शिवाय आता हे परत मिळणारे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. हे योग्यच झाले. पण त्याचा अर्थ असाही की वाड्यावाड्यांतून जी मस्तके आहेत तीच आहेत. जी पेढी ती करीत होती ती बंद झाली, ते हात गेले. प्रत्येक नाकावर त्या हातांनी केलेले काम आहे. त्यावर एनॅमलचा थर चढविला की ते काम त्या थराखाली पुरले जाते, आणि तो थर खरवडून काढावा तर खालची कातडीही सुटून येते. म्हणून जुन्या मस्तकाला जो काही रंग लावावयाचा तो पुन्हा पुसून काढता येईल असाच असावा, आणि काय लावले, कोठे लावले याची टिपण ठेवावी. तैलचित्रांच्या बाबतीत आपण हा नियम पाळू लागलो आहोत. तैलचित्रातल्या राजाला तो लागू, आणि त्याच भिंतीवरच्या चितळाला नाही, याला काय म्हणावे?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात माणसांच्या प्रकृतीचा प्रश्न आहे. जुन्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमल लावीत. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बेकर नावाच्या गृहस्थाने सोमल घातलेला साबण काढला आणि पुढे दीडशे-दोनशे वर्षे जगभर तोच चालला. हे विष कातड्यातच राहते, उडून जात नाही. तेव्हा रंग देण्यापूर्वी 'जरा घासून घे' म्हणून एखाद्या मजुराच्या हाती पॉलिशपेपर देणे म्हणजे त्याच्या फुफ्फुसात विषारी धूळ घालणे होय. ज्या व्यवस्थापकांना हरणाच्या नाकाची पर्वा नसेल त्यांनी निदान त्या मजुराच्या नाकाची करावी. हातमोजे आणि तोंडावर चांगला मास्क असल्यावाचून जुन्या मस्तकाला कोणी हात लावू नये. मुलांना तर मुळीच लावू देऊ नये.

मग हे काम करावयाचे कोणी? माणसे मुळीच नाहीत असे नाही. मुंबईला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये टॅक्सिडर्मीचे केंद्र सुरू झाले. ते उभे करणारे डॉ. संतोष गायकवाड हे शिकारी नव्हेत, पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचना शिकविणारे अध्यापक. बंदुकीने मारलेल्या नव्हे, तर मरण पावलेल्या जनावरांची रूपे तेथे टिकविली जातात. ही विद्या दिवाणखान्यातून निघून शाळेत गेली, हे तिचे भाग्यच. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले ते हातांना विद्या आणि विद्येला हात मिळावेत म्हणून; ललितकलेचे शिक्षण येथे विद्यापीठात १९५० पासून चालू आहे. मूर्तिकलेचा विद्यार्थी, पशुवैद्यकाचा विद्यार्थी आणि संग्रहालयशास्त्राचा विद्यार्थी या तिघांना एका मस्तकापुढे महिनाभर बसविले, तर रंगाऱ्याच्या डब्यापासून बरीच हरणे वाचतील. यासाठी फार पैसा लागत नाही. पुट्टी, चार कुंचले, पातळ रंग आणि वनखात्याची रीतसर अनुमती एवढे भांडवल पुरे.

आणि नमुना? तो तर हाताशी आहे. मेलेल्या जनावरावरून नाक शिकता येत नाही. ते काही तासांतच सुकून ढिले पडते. फोटोवरून शिकता येते, पण प्रकाश फसवितो. सयाजीबागेत संग्रहालय आणि प्राणिसंग्रहालय एकाच आवारात आहेत. १८७९ मध्ये बाग घातली तेव्हा कोणाच्या मनात हरणाचे नाक नसेलही, पण सोय मात्र उत्तम झाली आहे. ज्याच्या हाती कुंचला द्यावयाचा त्याला आधी आठ दिवस सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, हरणांच्या कुंपणापाशी उभे करावे, आणि हातात नुसता कागद-पेन्सिल द्यावी. जीभ नाकावरून फिरल्यावर ओल कोठे टिकते आणि कोठून लगेच उडते, मान वळली की नाकपुडीची कड उजेडात कशी येते, वारा फिरला की ती कशी ताणली जाते, हे त्याने काढून आणावे. नवव्या दिवशी तो काळ्या डब्याचे झाकण उघडतो की नाही, ते पाहू.